निवडणूक आणि निवडणं

मागे अनारशांवर लिहिलं होतं, तेव्हा इस्लामपूरच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं. पीठ आंबवण्याबद्दल सगळं विचारून झाल्यावर शेवटी त्यांनी हळूच लिहिलं होतं, "तुम्ही इतकी वर्षं अमेरिकेत आहात, तिकडच्या नागरिक आहात. मग अध्यक्षाच्या निवडणुकीत मत कोणाला देता आणि कसं ठरवता?"

प्रश्न अनारशापेक्षा अवघड आहे. अनारसा फसला तर तळणीत विरघळून तरी जातो. निवडून दिलेला अध्यक्ष चार वर्षं समोर बसतो!

तर एकदा सांगूनच टाकते. मी रिपब्लिकन पक्षाची मतदार. तिकडे 'कॉन्झर्व्हेटिव्ह' म्हणतात त्यातली. आपल्या भाषेत सांगायचं तर हात राखून खर्च करणाऱ्या, अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्या माणसांपैकी. ही सवय मी अमेरिकेत शिकले नाही. माझ्या वडिलांचं सांगलीला किराणा मालाचं दुकान होतं. साखरेला परवाना, रॉकेलला परवाना, आणि परवाना मागायला गेलं की साहेब जागेवर नाहीत, हे मी लहानपणापासून पाहिलं. वडील राजाजींच्या स्वतंत्र पक्षाचे चाहते होते. सरकारनं रस्ते करावेत, चोर पकडावेत आणि बाकी आमच्या वाटेला जाऊ नये, एवढंच त्यांचं राजकारण.

आणि लग्न झालं ते कोणाशी? पुण्याच्या सेवादलातल्या माणसाशी! आमचे हे पक्के समाजवादी. न्यू जर्सीत आलो, १९७९ साली दोघं एकाच दिवशी नागरिक झालो आणि मतदार म्हणून नाव घालताना यांनी डेमोक्रॅटिक पक्ष लिहिला, मी रिपब्लिकन. कारकून बाईंनी एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवण एकाच टेबलावर करता ना?"

करत होतो. १९८० पासून २०२० पर्यंत अकरा निवडणुका त्या टेबलावर झाल्या. यांचं मत एकीकडे, माझं दुसरीकडे. घराची बेरीज शून्य.

कसं ठरवते, हे मात्र वडिलांकडून आलंय. दुकानात तांदळाचं नवं पोतं आलं की ते मूठभर तांदूळ ताटात पसरून माझ्यासमोर ठेवत. "निवड," म्हणत. "खडे किती निघतात ते बघ. एकही निघाला नाही तर तू नीट पाहिलं नाहीस असं समज." मराठीत निवडणूक आणि तांदूळ निवडणं यांना एकच शब्द आहे, यात मोठं शहाणपण आहे असं मला वाटतं. इथं पिशवीतल्या तांदळात खडा औषधालाही सापडत नाही. उमेदवारांत मात्र अजून सापडतात.

पहिली निवडणूक १९८० ची. अध्यक्ष होते जिमी कार्टर, समोर रोनाल्ड रेगन. कार्टर म्हणजे जॉर्जियातले भुईमुगाचे शेतकरी. आता ज्या बाईच्या भाजीत दाण्याचं कूट पडल्याशिवाय राहत नाही, तिनं खरं तर त्यांनाच मत द्यायला हवं होतं. त्यात त्यांच्या मातोश्री लिलियनबाई! त्या पीस कोअरमधून १९६६ ते ६८ अशी दोन वर्षं आपल्या विक्रोळीत राहिल्या होत्या, नर्स म्हणून सेवा करत, वयाच्या ६८ व्या वर्षी. आमच्या ह्यांना एवढं पुरेसं होतं. "विक्रोळीत राहिलेल्या बाईचा मुलगा आहे," ते म्हणत, "माणूस वाईट असूच शकत नाही." मी म्हणाले, "अहो, आई चांगलीच आहे. पण मत मुलाला द्यायचंय."

कार्टर टीव्हीवर लोकरीचा स्वेटर घालून बसले होते आणि घरातली उष्णता दिवसा ६५ अंश, रात्री ५५ अंश ठेवा असं सांगत होते, तेही मला मनातून पटलं होतं. काटकसरच होती ती. पण १९८० मध्ये महागाई वर्षाला १३ टक्क्यांच्या वर गेली होती. मी हिशेबाची वही ठेवते. त्या वर्षीची वही पाहिली तर दर महिन्याला आकडा खोडून वर नवा लिहिलेला. ऑक्टोबरात दोघांचा वादविवाद झाला. कार्टर म्हणाले, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता असं मी माझ्या मुलीला, एमीला विचारलं, तर ती म्हणाली अण्वस्त्रं. एमी तेरा वर्षांची. आमची लेक तेव्हा चार वर्षांची होती. तिला विचारलं असतं तर आइस्क्रीम म्हणाली असती. रेगननी मात्र मान किंचित तिरकी करून सरळ मलाच विचारलं, चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललंय का? माझ्या वहीनं उत्तर दिलं.

तेव्हा आमच्याकडे खटक्यांचं मोठं यंत्र होतं. पडदा ओढायचा, खटका दाबायचा, पडदा उघडायचा. बाहेर आले तर हे उभे. "झालं?" "झालं." "मी तुझं खोडलं," म्हणाले. मी म्हटलं, "मी तुमचं खोडलं." आणि दोघं भाजी घेऊन घरी आलो.

रेगन मला आवडले, अजूनही आवडतात. बरणीतल्या रंगीत जेलीच्या गोळ्या खाणारा, हसतमुख, घरात मोठे काका असावेत तसा माणूस. १९८४ मध्ये ते ७३ वर्षांचे. वयाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, समोरच्या उमेदवाराचं तारुण्य आणि अननुभव यांचा मी राजकारणासाठी फायदा घेणार नाही. समोरचे मॉन्डेल, वय ५६, स्वतःच हसले! मॉन्डेलांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी जेराल्डीन फेरारो होत्या. मोठ्या पक्षानं या जागेसाठी बाई उभी करण्याची ती पहिलीच वेळ. खरं सांगते, मी पडद्याआड मिनिटभर थांबले होते. पण मॉन्डेलांनी पक्षाच्या अधिवेशनातच जाहीर केलं होतं की कर वाढवणार. सत्य बोलले बिचारे. हाती काय लागलं? स्वतःचं मिनेसोटा राज्य आणि राजधानीचं शहर.

आता खडे. ते हेच काढायचे. मी रेगनचं कौतुक सुरू केलं की आमचे हे पेन्सिल घेऊन बसत. "गृहकर्जाचा व्याजदर १८ टक्क्यांच्या वर गेला तो कधी? १९८१ च्या ऑक्टोबरात. तेव्हा अध्यक्ष कोण?" मी गप्प. "काटकसरी म्हणवतेस, तर या माणसाच्या आठ वर्षांत देशाचं कर्ज किती झालं?" जवळजवळ तिप्पट झालं होतं. हे खरं आहे, मैत्रिणींनो. ऋण काढून सण करू नये असं आईनं सांगितलेलं, आणि माझाच माणूस ऋण काढून सण करत होता. त्या रात्री मी त्यांना आमटी वाढली नाही, त्यांनी स्वतः घेतली. पण खडा होता, तो खडाच होता.

मग १९८८. डेमोक्रॅट उमेदवार डुकाकिस. शिरस्त्राण घालून रणगाड्यात बसले आणि फोटो काढून घेतला. मुंजीतल्या बटूला मामाचा फेटा बांधावा तसे दिसले. आमचे हेसुद्धा वर्तमानपत्र उलटं ठेवून चहा प्यायला गेले. आमचे थोरले बुश म्हणाले, माझे ओठ वाचा, नवे कर नाहीत. मी ओठ वाचले, मत दिलं. १९९० मध्ये त्यांनी कर वाढवले! मी इतकी संतापले की टीव्ही बंद केला. आणि त्यांची बाजू कोणी घेतली? ह्यांनी! "अगं, खर्च आधी होऊन बसलाय, भागवायचा कुठून? शब्द मोडला, पण हिशेब जमवायला मोडला. तुझ्या वहीत तू काय केलं असतंस?" मी काय केलं असतं? बांगडी मोडली असती. पण हे मी बोलून दाखवलं नाही. त्याच वर्षी बुश म्हणाले की मी आता अध्यक्ष आहे, यापुढे ब्रोकोली खाणार नाही. शेतकऱ्यांनी गाड्या भरभरून ब्रोकोली वॉशिंग्टनला पाठवली. कर वाढवल्याचं एक वेळ समजून घेईन. पण त्या एका वाक्यानंतर आमच्या मुलीनं सहा महिने ब्रोकोलीला हात लावला नाही, त्याची भरपाई कोण देणार?

१९९२ ची निवडणूक मात्र आपल्या पानावरची. हिलरी क्लिंटन मार्चमध्ये बोलून गेल्या की मी घरी बसून बिस्किटं भाजत आणि चहापानं करत राहू शकले असते, पण मी माझा व्यवसाय केला. झालं! देशभरच्या गृहिणी चिडल्या. 'फॅमिली सर्कल' नावाचं बायकांचं मासिक होतं, त्यांनी संधी साधली. बार्बरा बुश आणि हिलरीबाई दोघींच्या चॉकलेट घातलेल्या कुकीची कृती छापली आणि वाचकांकडून मतं मागवली. मी दोन्ही केल्या. बार्बराबाईंची लोण्यातली. हिलरीबाईंची वनस्पती तुपासारख्या घट्ट शॉर्टनिंगमधली, आत ओट्स. दोन ताटल्यांत ठेवल्या, कोणाची कोणती ते सांगितलं नाही. आमच्या समाजवाद्यानं लोण्याला मत दिलं! आणि मला मनापासून आवडली ती ओट्सची. कुरकुरीत, न पसरणारी. घरात तेवढं एकच पक्षांतर झालं, तेही दोघांचं एकदम. बेरीज पुन्हा शून्य.

मासिकात हिलरीबाई जिंकल्या आणि नोव्हेंबरात त्यांचे यजमानही. मग दर चार वर्षांनी ही चढाओढ होत राहिली आणि बहुतेक वेळा कुकी जिंके त्या घराचाच माणूस जिंके. चुकली ती दोनदा. २००८ मध्ये मकेनबाईंची कुकी जिंकली, यजमान हरले. २०१६ मध्ये क्लिंटनांच्या घरची तीच जुनी कुकी पुन्हा जिंकली, पण बाई हरल्या. २०१९ मध्ये ते मासिकच बंद पडलं. राजकारणाचे पंडित अजून चालू आहेत.

१९९६ ला एक गंमत झाली. निवडणुकीच्या मंगळवारी हे म्हणाले, "तू बॉब डोलला देणार, मी क्लिंटनला. दोघं घरीच बसू, पेट्रोल वाचेल." काटकसरीचा मुद्दा, मी लगेच कबूल झाले. चार वाजता हे वाचनालयात म्हणून गेले. साडेचारला मी दूध आणायला म्हणून निघाले. शाळेच्या हॉलमध्ये रांगेत माझ्यापुढे तिसरा माणूस कोण? ओळखीची टोपी! त्यांनी मागे वळून पाहिलं. कोणी काही बोललं नाही. परत येताना एकाच गाडीत बसावं की दोन, एवढाच प्रश्न होता, कारण गाड्या दोन आणल्या होत्या. पेट्रोल दुप्पट गेलं.

क्लिंटनांच्या काळात १९९८ पासून सलग चार वर्षं सरकारचा जमाखर्च शिलकीत आला. ते आकडे ह्यांनी कापून माझ्या हिशेबाच्या वहीत चिकटवले. अजून आहेत. मीही सोडलं नाही. त्यांच्या जॉन केरींनी २००३ मध्ये फिलाडेल्फियाला जाऊन तिथल्या प्रसिद्ध सँडविचवर नेहमीच्या पातळ चीजऐवजी स्विस चीज मागितलं होतं. म्हणजे कोल्हापुरात मिसळ मागवायची आणि म्हणायचं, कट नको, टोमॅटो सूप घाला! "असा माणूस ओहायोत काय निवडून येणार?" मी म्हटलं. २००४ मध्ये ओहायोत हरलेच. २०१२ मध्ये आमच्या रॉम्नींनी भर वादविवादात सांगितलं की कामाला बायका शोधताना माझ्याकडे बाइंडर भरभरून बायका आल्या. हे दिवसभर हसत होते. माझ्या पाककृतींच्या बाइंडरवर चिठ्ठी लावली, "आत बायका आहेत."

पण एक प्रसंग आम्ही दोघांनी गप्प बसून पाहिला. १० ऑक्टोबर २००८. मिनेसोटात जॉन मकेन यांची सभा. एक बाई उठली आणि ओबामांवर माझा विश्वास नाही, ते अरब आहेत, असं म्हणाली. मकेननी तिच्या हातातून माइक घेतला आणि सांगितलं, नाही बाई, ते सभ्य कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत, आमचे काही मतभेद आहेत एवढंच. स्वतःच्या सभेत, स्वतःच्या मतदाराला! लोकांनी नापसंतीही दाखवली. आमचे हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मत मी ओबामालाच देणार. पण तुझा माणूस आज फार चांगला वागला." अठ्ठावीस वर्षांत ऐकलेली ही एकच स्तुती. मी शिरा केला.

मग आलं २०१६. आमच्या पक्षात सतरा उमेदवार! वधूवर मेळावाच तो. वादविवादाच्या मुख्य मंचावर दहा मावले, बाकीच्यांना आधीच्या पंगतीला बसवलं. आमच्या राज्याची पाळी जूनमध्ये, तोपर्यंत सोळा जण गळून एकच स्थळ उरलं होतं. डोनाल्ड ट्रम्प. मांसाचा तुकडा पार करपेपर्यंत भाजून केचपबरोबर खाणारे गृहस्थ. ते एक वेळ असो, मी शाकाहारी, मला काय? कर कमी, परवाने कमी, न्यायाधीश जुन्या वळणाचे, हे सगळं मला हवंच होतं. पण जीभ! बायकांबद्दल, हरलेल्यांबद्दल, स्वतःच्या पक्षातल्यांबद्दल. वडिलांच्या दुकानात गिऱ्हाईक असं बोललं असतं तर त्यांनी उधारी सोडली असती आणि माणूस बाहेर काढला असता. समोर हिलरीबाई. त्यांच्या कुकीवर माझं प्रेम, धोरणांवर नाही. त्या वर्षी मी कोणाला मत दिलं ते ह्यांना सांगितलं नाही. त्यांनीही पहिल्यांदाच विचारलं नाही. ती बेरीज शून्य आली की नाही, ते त्यांना अखेरपर्यंत कळलं नाही.

२०२० मध्ये साथीमुळे मतपत्रिका टपालानं घरी आल्या. जेवणाच्या टेबलावर मधे पोळ्यांचा डबा आणि लोणच्याच्या दोन बरण्या उभ्या करून आम्ही परीक्षेला बसल्यासारखी मतं दिली. "कॉपी करू नकोस," हे म्हणाले. ती आमची शेवटची एकत्र निवडणूक. २०२२ मध्ये हे गेले.

२०२४ ची मतपत्रिका आली, एकच. दोन दिवस टेबलावर पडून होती. एकीकडे पुन्हा ट्रम्प, दुसरीकडे कमला हॅरिस, ज्यांच्या आई चेन्नईच्या. त्यांचा डोसे करतानाचा एक व्हिडिओ लेकीनं मला मुद्दाम दाखवला होता. आणि आमच्या बाजूला उपाध्यक्षपदाचे व्हान्स, ज्यांची बायको तेलुगू घरातली. ते सासूबाईंकडून हिंदुस्थानी स्वयंपाक शिकले असं तिनं अधिवेशनात सांगितलं. म्हणजे फोडणी दोन्हीकडे होती! त्यावरून ठरवणं शक्य नव्हतं.

दिवाळीआधी लेकीचा फोन आला. ती वडिलांच्या वळणाची. म्हणाली, "आई, तू त्यांना मत देणार असशील तर मी दिवाळीला येत नाही. मला नाही जमणार त्या टेबलावर बसायला."

मी फोन हातात धरून उभी राहिले. अहो, तेच टेबल! मग म्हटलं, "बाळा, त्या टेबलावर तुझे बाबा माझ्यासमोर अकरा निवडणुका बसले. दर वेळी मी चुकते आहे असं त्यांना वाटलं, आणि दर वेळी त्यांनी मला ते पेन्सिल घेऊन सांगितलं. न जेवता एकदाही उठले नाहीत. मी कोणाला मत देणार ते तुला सांगणार नाही. पण तू ये, आणि माझे खडे काढ. दोन वर्षं झाली, कोणी काढलेले नाहीत."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग, "चकल्या केल्यास?"

आली. मंगळवारी मतदान आणि आधीच्या शनिवारी आम्ही दोघी टेबलावर. तीन तास भांडलो. तिनं माझ्या पक्षाचे सात खडे काढले, मी तिच्या पक्षाचे पाच. दोन मला कबूल करावे लागले. एक तिनं केला, तोही चकली तोंडात असताना. निघताना म्हणाली, "बाबा हे सगळं कसं सहन करायचे?" मी म्हटलं, "ते असंच मला विचारायचे."

ती गेल्यावर मी वहीतली ती चिकटवलेली कात्रणं पुन्हा एकदा वाचली आणि मग मतपत्रिका भरली. मत माझ्या बुद्धीनं दिलं. कोणाला, ते विचारू नका. आमच्या राज्यात १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटच जिंकतात, तेव्हा त्यानं फारसं बिघडलं वा घडलं नाही. पण तांदूळ निवडून दिलं, एवढं वडिलांना सांगू शकेन.

इस्लामपूरच्या भगिनींनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पोतं आपल्याला पटलेलंच घ्यावं. पण निवडायला ताट समोरच्याच्या हाती द्यावं. आपले खडे आपल्याला दिसत नाहीत, तांदळाच्याच रंगाचे असतात.

जाता जाता: कुकी असो वा आपली नानकटाई, लोणी किंवा साजूक तूप भट्टीत लवकर वितळतं, म्हणून ती पसरते पण चवीला सुरेख लागते. वनस्पती तूप उशिरा वितळतं, म्हणून आकार राहतो. दोन्ही हवं असेल तर निम्मं निम्मं घ्या आणि भाजण्याआधी पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. आमच्या घरी १९९२ नंतर अशीच करतात.